दंतपंक्तीचे प्रमाण आणि हास्याची शोभा

सुंदर दातांचे वर्णन करावयाचे झाले की आपली भाषा तीन ठिकाणी धाव घेते: कुंदाच्या कळ्या, डाळिंबाचे दाणे आणि मोत्यांची माळ. तिन्ही उपमांचा रोख एकच. दात शुभ्र असावेत, दाटीने बसलेले असावेत आणि सारखे असावेत. ही अपेक्षा फार जुनी आहे. महापुरुषाची जी बत्तीस लक्षणे बौद्ध वाङ्मयात सांगितली आहेत त्यांत एकट्या दातांविषयी चार आहेत: दात चाळीस असावेत, सम असावेत, त्यांत फट नसावी आणि सुळे अतिशुभ्र असावेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही स्निग्ध, दाट व सम दात शुभ मानलेले आहेत. चाळीस दातांची गोष्ट आपण सोडून देऊ. बत्तीस सांभाळतानाच आपली तारांबळ उडते. परंतु ‘सम’ या शब्दापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. सम म्हणजे एका ओळीत, असा अर्थ घेतला तर आमची तक्रार नाही. सम म्हणजे एकाच मापाचे, असा घेतला तर तो निसर्गाला मान्य नाही, आणि गंमत अशी की आपल्या डोळ्यांनाही मान्य नाही. लहान मूल हसरा चेहरा काढते तेव्हा तोंडात एकसारख्या चौकटी आखते. ते चित्र गोड दिसते, पण तसे दात खरोखरच कोणाच्या तोंडात बसविले तर ती फणी वाटेल. हास्याला शोभा येते ती दातांच्या सारखेपणामुळे नव्हे, तर त्यांच्या लहानमोठेपणातील मेळामुळे. हा मेळ कसला, तो मोजता येतो काय, आणि मोजता आला तरी त्याचा उपयोग कोठे करावा व कोठे करू नये, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम पात्रपरिचय. हसताना जे दिसतात ते मुख्यतः वरचे सहा दात. मध्यभागी दोन मोठे पटाशीचे दात, त्यांच्या दोन बाजूंना दोन लहान पटाशीचे दात, आणि त्यांच्यापलीकडे दोन सुळे. दंतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत यांची सरासरी मापे दिलेली असतात. मधला दात सुमारे साडेआठ मिलिमीटर रुंद आणि हिरडीपासून टोकापर्यंत साडेदहा मिलिमीटर लांब. त्याच्या शेजारचा साडेसहा रुंद व नऊ लांब. सुळा साडेसात रुंद व दहा लांब. सरासरी ही शेवटी सरासरीच. प्रत्येकाच्या तोंडात ती अशीच भरेल असे नाही. तरी एक गोष्ट या आकड्यांवरून उघड होते. मधले दोन दात राजे आहेत, शेजारचे दोन नम्र आहेत, आणि सुळा पुन्हा थोडा मोठा होतो. दर्शनी रांगेत लहानमोठेपणा मुळातच आहे.

मधल्या दाताची रुंदी भागिले लांबी हे पहिले प्रमाण. साडेआठला साडेदहाने भागले तर ०.८१ येते. शंभर लांबीला पंचाहत्तर ते ऐंशी रुंदी असेल तर दात डोळ्याला बरा वाटतो, असे दंतवैद्य सामान्यतः मानतात. हे प्रमाण डोळ्यांपुढे आणावयाचे असेल तर पासपोर्टसाठी काढतात तो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो उभा धरून पाहावा. त्याचे प्रमाण ०.७८ भरते. हा फोटो खालून कातरत कातरत गेलो तर काय होईल? उभा आयत चौकोन होईल, आणि पुढे आडवा. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्यांच्या तोंडात वर्षानुवर्षे नेमके हेच चाललेले असते. साडेदहाचा दात झिजून साडेआठचा झाला की रुंदी व लांबी सारखी होते. दातांचा रंग बदललेला नसतो, ओळ मोडलेली नसते, तरी पाहणाऱ्याला ‘याचे हसणे थकलेले दिसते’ असे वाटते, आणि का वाटते ते त्याला सांगता येत नाही. उलट हिरड्या सुजून किंवा वाढून खाली उतरल्या तरी दात असाच आखूड भासतो. मिरगीवरील फेनिटॉइनसारख्या काही औषधांनी अशी वाढ होते. येथे दात पूर्ण लांबीचाच असतो. त्याचा वरचा भाग झाकला गेलेला असतो. म्हणजे प्रमाण बिघडले हे एक निदान झाले. ते कोणत्या टोकाने बिघडले हे दुसरे. पहिले आरशात कळते, दुसरे तपासल्याशिवाय कळत नाही.

आता दुसरे प्रमाण, ज्याच्याविषयी अलीकडे फार बोलले जाते. आपण वर सुळ्याची रुंदी साडेसात सांगितली, म्हणजे शेजारच्या दातापेक्षा तो रुंद. पण समोरून पाहिले तर सुळा सर्वांत अरुंद दिसतो. हा विरोध कसा? दात सरळ भिंतीसारखे उभे नाहीत. ते कमानीवर उभे आहेत. एखाद्या अर्धगोल सज्जाचे खांब रस्त्यावरून पाहिले तर मधले खांब पूर्ण दिसतात आणि कडेचे वळणामुळे अंग चोरून उभे असल्यासारखे दिसतात. खांब सगळे एकाच जाडीचे असले तरी. सुळा तर ऐन वळणावर उभा आहे. त्याची पुढची अर्धी बाजू आपल्याला दिसते, मागची अर्धी गालाकडे वळलेली असते. म्हणून खरी रुंदी आणि दिसणारी रुंदी हे दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. पट्टी लावून दात मोजणाऱ्याने येथे पुष्कळदा फसावे अशी ही जागा आहे.

या दिसणाऱ्या रुंदीला १९७०च्या दशकात एक मोठे नाव चिकटले: सुवर्णप्रमाण. युक्लिडच्या भूमितीत एका रेषेचे असे दोन तुकडे करण्याची रीत आहे की, पूर्ण रेषेचे मोठ्या तुकड्याशी जे नाते तेच मोठ्याचे लहानाशी असावे. तो आकडा १.६१८ येतो, उलटा केला तर ०.६१८. १५०९ साली व्हेनिस येथे लुका पाचोलीचा ‘दैवी प्रमाण’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ छापला गेला, त्यातील आकृत्या लिओनार्दोच्या हातच्या. ‘सुवर्ण’ हे विशेषण मात्र बरेच अर्वाचीन, एकोणिसाव्या शतकातील जर्मन गणिताच्या पुस्तकांतले. आपल्याकडील माणसाला या आकड्याविषयी थोडा आपलेपणा वाटावयास हरकत नाही. कारण १, २, ३, ५, ८, १३ ही जी संख्यामाला पुढे सरकताना या प्रमाणाच्या जवळजवळ जाते, ती युरोपात फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध असली तरी, बाराव्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना सांगितलेली आहे. लघुगुरूंच्या हिशेबातून निघालेली संख्या दातांपर्यंत पोचावी, हा योगायोग मौजेचा आहे.

दातांपर्यंत ती पोचली ती अशी. १९७३ साली लोम्बार्डी या दंतवैद्याने कवळीच्या सौंदर्याविषयी लिहिताना असा विचार मांडला की, मधल्या दाताकडून शेजारच्याकडे जाताना जे प्रमाण असेल तेच शेजारच्याकडून सुळ्याकडे जाताना राखले तर रांगेत एकसूत्रता येते. १९७८ साली लेव्हिन याने त्या जागी सुवर्णप्रमाण बसविले आणि दातांवर धरून पाहावयाची जाळीही तयार केली. तिच्याप्रमाणे हिशेब करून पाहू. मधला दात समोरून साडेआठ दिसत असेल तर शेजारचा त्याच्या ०.६१८ पट, म्हणजे सव्वापाच. आणि सुळा पुन्हा त्याच्या ०.६१८ पट, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर दिसला पाहिजे. गणित इतके सुबक आहे की ते खरे असावे असा मोह पडतो.

तोंडांत मात्र ते सापडत नाही. १९९३ साली प्रेस्टन याने प्रत्यक्ष दातांच्या साच्यांवर मोजमाप केले. मधल्या व शेजारच्या दातांत सुवर्णप्रमाण त्याला शंभरांत सतरांच्याच बाबतीत आढळले; शेजारच्या दातात व सुळ्यात तर एकाच्याही बाबतीत नाही. त्याच्या सरासरीप्रमाणे शेजारचा दात मधल्याच्या ६६ टक्के दिसतो आणि सुळा शेजारच्याच्या ८४ टक्के. पुन्हा साडेआठाचाच दात घेतला तर शेजारचा साडेपाचाच्या किंचित वर आणि सुळा पावणेपाचाच्या आसपास. जाळीतील सव्वातीनच्या सुळ्याशी हे ताडून पाहावे. तो सव्वातीनचा सुळा कोणाला खरोखर बसविला तर रांग एकदम मागे खेचल्यासारखी, तोंड चिमटल्यासारखे दिसेल. आपल्याकडील दंतमहाविद्यालयांतूनही अशी मोजणी झालेली आहे आणि तिचा कौलही बहुतांशी सुवर्णप्रमाणाच्या विरुद्धच पडला आहे.

मग लोकांना आवडते काय? २००० साली रोझेन्स्टील, वॉर्ड आणि रशीद यांनी निरनिराळ्या प्रमाणांच्या हास्याची चित्रे दंतवैद्यांपुढे ठेवून त्यांची पसंती विचारली. दात आखूड असतील तर त्यांनी शेजारचा दात मधल्याच्या ८० टक्के दिसणारी चित्रे पसंत केली. दात फारच लांब असतील तेव्हाच ६२ टक्क्यांचे, म्हणजे सुवर्णप्रमाणाचे, चित्र आवडले. आमच्या मते या विषयातील सर्वांत समंजस गोष्ट हीच आहे. रुंदीचे प्रमाण एकटे उभे राहत नाही, ते लांबीच्या हातात हात घालून येते. बुटक्या माणसाला लांब अंगरखा शोभत नाही, हे शिंप्याला कोणी शिकवावे लागत नाही. वॉर्डने पुढे सुमारे ७० टक्क्यांचा सल्ला दिला, तोही मध्यम लांबीच्या दातांसाठी. लोम्बार्डीचा मूळ विचार, की कमी होत जाण्यात काही सुसंगती असावी, तो बराचसा टिकला. त्यावर चढविलेला सोन्याचा मुलामा टिकला नाही.

दातांना बाहेरून नियम लावण्याचा हा काही पहिला प्रयत्न नव्हे. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य दंतवैद्य माणसाची प्रकृती पाहून कवळीचे दात निवडीत. रक्तप्रकृतीला एक, पित्तप्रकृतीला दुसरे. आपल्या वैद्यकाला ही भाषा परकी वाटणार नाही. १९१४ साली लिओन विल्यम्स याने सांगितले की, मधला दात उलटा धरला तर तो त्या माणसाच्या चेहऱ्याच्या आकाराचा असतो: चौकोनी, निमुळता किंवा लंबगोल. कवळीचे दात बनविणाऱ्यांना यामुळे दातांचे साचे वर्गवार ठेवण्याची मोठीच सोय झाली आणि ही कल्पना अनेक दशके चालली. परंतु नंतरच्या मोजणीत चेहरा व दात यांचा असा पक्का संबंध दिसून आला नाही. १९५०च्या दशकात फ्रश आणि फिशर यांनी स्त्रियांना गोलसर कोपऱ्यांचे व पुरुषांना कोनदार दात द्यावेत असा उपदेश केला. पुढे नुसत्या दातांची छायाचित्रे दाखवून हे दात स्त्रीचे की पुरुषाचे असे विचारले तेव्हा ओळखणाऱ्यांची फजिती झाली. मात्र याच दोघांनी सांगितलेली दुसरी एक गोष्ट आजही मोलाची मानतात. हसताना वरच्या दातांच्या टोकांची जी रेषा होते ती खालच्या ओठाच्या वळणाशी समांतर असावी. त्यासाठी मधले दोन दात किंचित खाली, शेजारचे अर्धा ते एक मिलिमीटर वर आणि सुळ्याचे टोक पुन्हा मधल्यांच्या पातळीजवळ, असे वळण लागते. ती रेषा सपाट झाली की हास्य म्हातारे दिसू लागते.

ओठाचे नाव निघाले म्हणून सांगतो, दात हे चित्र असेल तर ओठ ही त्याची चौकट आहे, आणि ही चौकट हलती आहे. १९७८ साली व्हिग आणि ब्रुंडो यांनी ओठ सैल सोडले असता वरचा मधला दात किती दिसतो ते वयोगटांप्रमाणे मोजले. तिशीच्या आत तो तीन मिलिमीटरांहून थोडा अधिक दिसतो. साठीला पोचेपर्यंत जवळजवळ दिसेनासा होतो, आणि त्याच्या जागी खालचे दात दिसू लागतात. कारण स्पष्ट आहे: वयाबरोबर वरचा ओठ सैल होऊन उतरतो आणि दातांची टोकेही झिजतात. साठीच्या गृहस्थाला पंचविशीतील फोटो दाखवून ‘असेच दात करा’ म्हणता येईल, पण तो जुना ओठ कोठून आणणार?

पाहणाऱ्याच्या नजरेलाही मर्यादा आहेत, आणि त्या जाणून घेतल्या तर पुष्कळांच्या जिवाचा घोर कमी होईल. १९९९ साली कोकिच व त्याच्या सहकाऱ्यांनी छायाचित्रांत थोडेथोडे दोष मुद्दाम घालून ते कोणाला केव्हा जाणवतात हे तपासले. दोन मधल्या दातांमधील रेषा चेहऱ्याच्या मध्यापासून चार मिलिमीटर सरकविली तरी सामान्य माणसांना ते खटकले नाही; दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांनाच तेवढे जाणवले. परंतु हीच रेषा तिरपी केली, दातांचा कल दोनच मिलिमीटरांनी ढळविला, की तो सर्वांच्या ध्यानात आला. सरकलेले चालते, कललेले चालत नाही. भिंतीवरची तसबीर थोडी बाजूला असली तर कोणी काही म्हणत नाही, वाकडी असली तर पाहुणासुद्धा उठून ती सरळ करतो.

शिवाय आवड ही देशकालाप्रमाणे बदलते. आपल्याकडे सवाष्ण बायका दातवण लावून दात काळे करीत आणि ते सौंदर्य समजले जाई. जपानातही दात काळे करण्याची चाल होती. १८७० साली सरकारने सरदार घराण्यांस तिची बंदी केली आणि १८७३ साली सम्राज्ञीने ती स्वतः सोडली. पॅरिसमध्ये १७८७ साली व्हिजे ल ब्रँ या चित्रकर्तीने स्वतःचे चित्र काढताना ओठ विलग करून दात दाखविले, तेव्हा तेथील रसिक मंडळींनी नाके मुरडली. सभ्य चित्रात दात दिसू नयेत असा शिष्टाचार होता. आणि फार दूर जावयास नको. देव आनंद १९४६ साली पुण्याच्या प्रभातच्या ‘हम एक हैं’मधून पडद्यावर आले तेव्हा त्यांच्या मधल्या दातांतील फट बुजविण्यासाठी भर देण्यात आली होती. ती त्यांना मानवली नाही. पुढे ती फट ठेवूनच ते हसले आणि अनेक पिढ्या त्या हास्यावर लुब्ध झाल्या. कोणत्याही जाळीत ते हास्य बसले नसते.

हा सगळा ऊहापोह केवळ करमणुकीसाठी केलेला नाही. १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये पिंकस नावाचा दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरते पातळ मुखवटे चिकटवी; काम संपले की ते काढून ठेवीत. १९५५ साली ब्युओनोकोर याने इनॅमलवर सौम्य आम्लसंस्कार करून त्याला राळ घट्ट चिकटविण्याची युक्ती शोधली, आणि पुढे हे मुखवटे कायमचे बसविता येऊ लागले. विद्या उत्तम आहे. पडून तुटलेला दात, जन्मतः खुंटासारखा राहिलेला शेजारचा दात, डाग पडलेला दात, यांना तिने नवे रूप दिले आहे. पण व्हेनीर बसविण्यासाठी पुष्कळदा दाताच्या दर्शनी भागाचे अर्धा मिलिमीटर इनॅमल खरवडावे लागते. हिरडीजवळ ते मुळात तेवढेही जाड नसते. आणि इनॅमल पुन्हा उगवत नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात वर येतानाच नाहीशा झालेल्या असतात. वीस-बावीस वर्षांच्या धडधाकट दातांवर, लग्न ठरले म्हणून किंवा फोटोत बरे दिसत नाही म्हणून, आकड्यासाठी कानस चालविणे आम्हांला पसंत नाही. एकदा बसविलेले व्हेनीर जन्मभर टिकत नाही. ते बदलावे लागते, आणि दर खेपेस मूळ दात थोडा आणखी जाण्याचा संभव असतो.

मधल्या फटीचेच उदाहरण घ्या. फट दोन मिलिमीटरांची आहे. दोन्ही दातांना आतून एकेक मिलिमीटर भर घातली की ती बुजते, एका बैठकीत काम होते. पण साडेआठाचा दात आता साडेनऊचा झाला. लांबी तीच साडेदहा. प्रमाण ०.९० वर गेले. फट गेली आणि तिच्या जागी दोन चौकोनी फरश्या आल्या. तार लावून दात थोडे सरकविले आणि उरलेली जागा चौघांत वाटून दिली तर वेळ लागेल, परंतु मधल्यांचे राजेपण शोभेल असे राहील. की फट तशीच ठेवावी? हाही एक पर्याय आहे, आणि तो दंतवैद्याने स्वतःहून सांगितला पाहिजे. प्रमाणांचे गणित उपयोगी पडते ते असे, काय होईल ते आधी दाखविण्यासाठी.

म्हणून दातांचे रूप बदलावयाचेच ठरविले असेल तर प्रथम मेणाचा नमुना मागावा, आणि तो तसाच्या तसा राळेत उतरवून, दात न घासता, तोंडात बसवून पाहावा. आरशासमोर स्थिर उभे राहून नव्हे, बोलून पाहावा. ‘विठ्ठल’, ‘वाडा’, ‘वसंत’ असे शब्द म्हणावेत. ‘व’ म्हणताना वरच्या दातांची टोके खालच्या ओठाच्या आतल्या कडेला अलगद लागली पाहिजेत; ती रुतू लागली तर दात लांब झाले. मग ‘साठ, एकसष्ट, बासष्ट’ असे सत्तरपर्यंत मोजावे. ‘स’ म्हणताना वरखालचे दात जवळ येतात, आपटत नाहीत. आपटू लागले किंवा शीळ वाजू लागली तर दंतवैद्याला तेथेच सांगावे. घरी जाऊन चार दिवस त्या नमुन्यानेच जेवावे, भांडावे, हसावे. घरच्यांनी विचारले की ‘आज काही वेगळे दिसते आहे, पण काय ते कळत नाही’, तर नमुना जमला असे समजावे. ‘दात नवे केलेत वाटते?’ असे विचारले तर पुन्हा मेणाकडे जावे.